गोदडीवरचा नकाशा

गौलीगुडा, हैदराबाद
१४ जानेवारी १९९७

चि. गीता,

जयभीम. तुझं पत्र पोचलं. त्यावर तारीख नव्हती, ती मी पोस्टाच्या शिक्क्यावरून काढली. नर्सबाईने तारखेत ढिलाई करू नये. औषधाच्या बाटलीवरची तरी वाचतेस ना?

बातमी अशी की तुझं गाव सध्या माझ्या टेबलावर आहे. खरोखर. आमच्या कंपनीत एरवी अमेरिकेतल्या कुठल्याशा शहराच्या गटारींचे नकाशे येतात. तिथे गटाराच्या प्रत्येक झाकणाला क्रमांक असतो, आणि ती झाकणं आम्ही इथे, नामपल्लीच्या नुमाइशीचा, त्या मोठ्या प्रदर्शनाचा, गोंगाट ऐकत, कॉम्प्युटरमध्ये भरतो. पण या वेळी तुमच्या जिल्ह्याने एक काम दिलं आहे. आमदरीसह अकरा गावांसाठी बाळंतपणाची एक खोली बांधायची आहे, खाटा, पाणी, दिवा आणि कायमची नर्स असलेली. ती कोणत्या गावात असावी हे नकाशावरून ठरवून द्यायचं. शीट उघडली आणि ओढ्याच्या वळणावर आमदरी वाचलं, तेव्हा मी खुर्ची जरा पुढे ओढली.

काम कसं होतं ते सांगतो, कारण तुला वाटतं मामा नुसत्या रेघा मारतो. कागदाचा नकाशा मोठ्या टेबलावर ताणून चिकटवायचा. हातात भिंग लावल्यासारखं एक यंत्र असतं, त्याच्या काचेवर फुली. ती फुली गावावर धरून कळ दाबली की गाव कॉम्प्युटरात गेलं. एक थर गावांचा, एक ओढ्यांचा, एक रस्त्यांचा, काचेवर काच ठेवावी तसे. मग विचारायचं, सगळ्यांना मिळून कमीत कमी कुठे चालावं लागेल? मी अंतर हवेतून घेतलेलं नाही. कावळ्याला बाळंतपण करायचं नाही. गाडीवाटेने घेतलं, आणि पावसाळ्यात जे दोन ओढे अडवतात ते वगळून घेतलं. उत्तर आलं सावरटाकळी. अगदी मधोमध.

आणि ऐक. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात छापून येणार आहे, ‘आरेखन : सू. ग. हनवते’. नकाशांच्या प्रती काढणाऱ्या अमोनिया प्रिंटच्या दुकानात मी दुसऱ्यांचे नकाशे गिरवत होतो, या यंत्राचं इंग्रजी पुस्तक डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलं, कुणी शिकवलं नाही. आजवर माझ्या रेघांखाली दुसऱ्यांची नावं आली. हे पहिलंच. तुझी आई, माझी अक्का, असती तर तिला दाखवलं असतं. ती नाही, म्हणून तुला कळवतो.

मामीचा आशीर्वाद. जावईबापूंना जयभीम.

तुझा मामा,
सूर्यभान

*

आमदरी
१ फेब्रुवारी १९९७ (घ्या तारीख)

मामा,

तुम्हाला आणि मामीला जयभीम. तुमचं नाव छापून येणार हे मी तुमच्या जावयांना शाळेतून आल्या आल्या सांगितलं. ते म्हणाले, मामांचं अक्षर पाहून मला आधीच वाटलं होतं हा माणूस छापण्याजोगा आहे. चेष्टा करत नव्हते.

पण मामा, सावरटाकळी नको.

रागावू नका, पुढं वाचा. सावरटाकळी मधोमध आहे, रस्ता आहे, माणसं भली आहेत. पण तिथं कुणीच कुणाचं नाही. अख्खं गाव एका भावकीचं. त्यांच्या सुना येतात तिकडून तेलंगणातून, लेकी जातात त्याही तिकडंच. आमच्या दहा गावांतल्या एकाही बाईची तिथं आत्या नाही, मावशी नाही, नणंद नाही. बाळंतीण काही एकटी जात नाही. तिच्यासोबत सासू, कडेवरचं एखादं लेकरू, पिठाचं गाठोडं. त्यांनी उतरायचं कुठं? भाकरी कुणाच्या चुलीवर थापायची? खोलीत खाटा असतील, चूल नसेल. बाई पोट दुखायला लागल्यावर आधी विचार करते ती डॉक्टरचा नाही, ‘तिथं आपलं कोण आहे’ याचा.

आपल्याकडं वाट पडते ती लेक दिलेल्या गावाला. हे तुमच्या कुठल्या थरात येतं?

तुमची गीता

*

गौलीगुडा
१२ फेब्रुवारी १९९७

चि. गीता,

पत्र दोनदा वाचलं. तुझ्या लिहिण्यात दोन चुका आहेत, आणि तिसरी जी आहे ती चूक नाही, त्याहून वाईट आहे.

एक, ‘कुणीच’, ‘एकाही’ असे शब्द मोजल्याशिवाय वापरू नयेत. दोन, नकाशा जिल्ह्याला गेला आहे. आमच्या प्रोजेक्टवरच्या पद्मावती मॅडमनी तो स्वतः तपासला, आणि त्या सहजासहजी काही पास करत नाहीत.

तिसरी गोष्ट. तू म्हणतेस सोयरिकी बघा. सोयरिक म्हणजे जात. तू मला नकाशावर जात काढायला सांगते आहेस. मी असे नकाशे गिरवलेले आहेत, गाव एका रंगात आणि आपली वस्ती ओढ्यापलीकडे दुसऱ्या रंगात, वर आडवं जातीचं नाव. ते नाव मी सुबक अक्षरात लिहिलं आहे, कारण मालकाने सांगितलं होतं. तेव्हाच ठरवलं की माझ्या हातात आलं तर एका गावाला एकच ठिपका देईन. पाटलाचा वाडा आणि बुद्धविहार एकाच ठिपक्यात. यंत्राला सगळे सारखे, म्हणून तर मला ते आवडलं.

आणि स्पष्ट लिहितो, राग मानू नकोस. खोली आमदरीत आली तर तुझी पायपीट वाचेल, हे मला कळतं. पण भाची आहे म्हणून मामाने ठिपका सरकवायचा नसतो.

सूर्यभान

*

आमदरी
२७ मार्च १९९७

मामा,

इतके दिवस लिहिलं नाही. तुमच्या शेवटच्या चार ओळी वाचून मी पत्र पिठाच्या डब्याखाली ठेवून दिलं होतं. आमदरीचं मी नावही काढलं नव्हतं. तुम्ही माझं पत्र दोनदा वाचलंत, तिसऱ्यांदा वाचा.

आज लिहिते कारण परवा एक गोष्ट झाली. तांड्यावरची शेवंता, पहिलटकरीण. तिला मी सांगून ठेवलं होतं की मंगळवारी सावरटाकळीच्या शाळेत डॉक्टर येतात, तेव्हाच त्रास सुरू झाला तर तिथं ये, मीही तिथंच असते. मंगळवारीच सुरू झाला. मी शाळेच्या दारात उभी. तांड्याची बैलगाडी येताना दिसली. मी हात केला. गाडी थांबली नाही, मामा. माझ्यासमोरून, डॉक्टरच्या जीपसमोरून, सावरटाकळी ओलांडून पुढं गेली, पार बोरजुनीला, ओढ्यापलीकडं. मी सायकल घेऊन मागं. पोचले तर शेवंता तिच्या मोठ्या बहिणीच्या ओसरीत, आणि बहिणीनं पाणी तापत ठेवलेलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. मी शेवंताच्या सासूला विचारलं, थांबलात का नाही? ती माझ्याकडं येड्यावाणी बघत म्हणाली, ‘‘बाई, शाळंत कोण हाय आमचं?’’

शेजारच्या भागात अशीच एक खोली बांधली होती, चांगली चुन्याची. आज तिच्यात कडबा भरलाय. ती पण मधोमधच होती.

जातीचं तुम्ही लिहिलंत ते मला पटतं. ठिपका एकच ठेवा. पण रेघा वेगवेगळ्या जातात, त्यांना जाऊ द्या. कुणाची रेघ कुणाची, ते लिहू नका. मला फक्त तुमच्या नकाशाची एक प्रत पाठवा, मोठी, नुसते ठिपके आणि गावांची नावं असलेली.

गीता

*

गौलीगुडा
६ एप्रिल १९९७

चि. गीता,

सोबत प्रत पाठवली आहे. घडी उभ्या रेघेवर घातली आहे, गावांवर नाही. उघडताना सांभाळून.

ही मी पटली म्हणून पाठवत नाही, तपासायची म्हणून पाठवतो. तरी तुला एक सांगायला हवं. बैलगाडीचं वाचून झाल्यावर मी मामीला सहज विचारलं. आमचा अनिकेत झाला तेव्हा इथला मोठा सरकारी दवाखाना घरापासून चालत जाण्याइतका जवळ. मी कार्ड काढून ठेवलं होतं. तरी ती आठव्या महिन्यात बस धरून उमरीला तिच्या मावशीकडे गेली. तेव्हा मी फार चिडलो होतो आणि कारण कधी विचारलं नव्हतं. आता विचारलं. ती मेथी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, ‘‘दवाखाना दोन गल्ल्यांवर होता. माझं माणूस उमरीला होतं.’’

मी तिला म्हटलं, मी होतो की इथे. त्यावर तिने मेथीची जुडी उलटी करून बघितली.

तर तू काय मोजणार आहेस ते नीट ठरव. ‘नातेवाईक कुठे आहेत’ हा प्रश्न फसवा आहे, नातेवाईक भांडलेलेही असतात. प्रश्न असा कर : दिवस भरल्यावर तू कोणत्या गावी, कुणाकडे राहशील? उत्तर एकच घे. एका बाईची एक रेघ. कुणालाही जात, आडनाव विचारायचं नाही. आणि रेघ पेनाने काढ, पेन्सिल पुसते.

सूर्यभान

*

आमदरी
२८ मे १९९७

मामा,

पार्सल बघून दचकू नका. तुमचा नकाशाच आहे तो.

पेनाने काढायचं ठरवलं होतं. पहिल्याच दिवशी लसीकरणाला आलेल्या बायांसमोर मी कागद पसरला, तर सगळ्या मागं सरकल्या. पेन हातात धरायला तयार नाहीत. म्हणाल्या तूच काढ. मी काढायला लागले तर एकजण दुसरीच्या कानात, ही आपली नावं सरकारला धाडणार. नसबंदीच्या ऑपरेशनला नेतील. झालं, एकेक उठून गेली.

मग मी कागद खळ लावून जुन्या लुगड्यावर चिकटवला, खाली आणखी दोन पदर घातले आणि ठिपक्यांवर गाठी मारून ठेवल्या. सुई पुढं केली. म्हटलं, पेन नको तर टाका घाला. जिनं तिनं आपल्या गावापासून, दिवस भरल्यावर जिथं जाईन त्या गावापर्यंत धावदोरा घालायचा. दोरा जिचा तिचा, पदराचा काढा नाहीतर पोराच्या अंगड्याचा. मामा, गोदडी म्हटल्यावर काय हात चालले त्यांचे. पाटलाची सून आणि आपल्या वस्तीतली कौसल्या एकाच वेळी दोन टोकांना शिवत होत्या, आणि टाका कुणाचा बारीक यावरून एकमेकींना टोमणे मारत होत्या. कौसल्या म्हणाली, वहिनी, तुमच्या टाक्यांतून कुत्रं जाईल. पाटलाच्या सुनेनं सगळा उसवून परत घातला.

रंगावरून काही कळणार नाही तुम्हाला. जिच्या हाताला जो दोरा लागला तो. तुम्हाला तेच हवं होतं ना?

गावोगाव फिरवली. सावरटाकळीच्या बायांनीही शिवलं, त्यांचे दोरे तेलंगणाकडच्या कडेला मी मारलेल्या वेगळ्या गाठीला गेलेत. त्यांनाच मी विचारलं, खोली तुमच्या गावात नाही आली तर? त्या हसल्या. म्हणाल्या, आम्ही तरी कुठं इथं बाळंत होतो?

माझं ठीक आहे. फिरून थकायला होतं आणि चहा नकोसा झालाय.

गीता

*

गौलीगुडा
१९ जून १९९७

चि. गीता,

जयभीम. गोदडी पोचली. आधी तक्रारी.

कापड आक्रसलं आहे. टाके जिथे दाट तिथे नकाशा चुणला, त्यामुळे आमदरी आणि तांडा एकमेकांना चिकटले आहेत आणि ओढा चुणीत गेला. हे टेबलावर ताणून यंत्राने भरणं अशक्य. खळीला मुंग्या लागल्या होत्या, ऑफिसात आणली तेव्हा शिपायाने ती उन्हात वाळत घातली आणि जिना चढणारा प्रत्येकजण किंमत विचारत होता. शिवाय तांड्यावरच्या बायांनी बोरजुनीपाशी एक आरसा टाचला आहे. नकाशाशास्त्रात आरसा हे कशाचं चिन्ह ते कळव.

दोन दिवस मी चुणी सरळ करायच्या मागे होतो. मग पद्मावती मॅडम आल्या, शेजारी उभ्या राहून गोदडीवरून बोट फिरवत बोलल्या. त्यांची उर्दू तेलुगू वळणाची आहे. म्हणाल्या, हनवतेजी, डिस्टन्स कायकू नापते? गावां तो अपने पास हैच ना. कौन किदर कू जा रै, बस उत्ताच लेव.

खरं होतं. ठिपके माझ्याकडे बिनचूक आहेतच. गोदडीवरून फक्त इतकंच घ्यायचं, दोरा कोणत्या गाठीतून निघून कोणत्या गाठीत गेला. अंतर नकोच. इतकी वर्षं मी नकाशा म्हणजे अंतर असं धरून चाललो होतो. मी आणि मॅडम समोरासमोर बसलो, मी दोरा धरून गावांची नावं वाचायची, त्यांनी भरायची. सगळ्या रेघा एकाच काळ्या रंगात काढल्या.

मग त्या पडद्यावर आल्या. सावरटाकळीपासून रेघा बाहेर जात होत्या, आत एकही येत नव्हती. आणि बोरजुनी, कडेचं गाव, माझ्या यादीत शेवटून दुसरं, तिथे चहूकडून रेघा येऊन ठिपका दिसेनासा झाला होता. त्या गावात आठवडी बाजार, सगळ्या प्रकारची घरं, प्रत्येक गावाने तिथे लेक दिलेली. कुणाची कोणती ते मला माहीत नाही आणि नकाशालाही नाही.

जिल्ह्याचे साहेब गेल्या आठवड्यात कामासाठी हैदराबादेत आले होते. त्यांच्यापुढे दुसरा नकाशा ठेवायचा म्हणजे पहिला चुकला म्हणायचा. मॅडमनी मला आत जाण्याआधी जिन्यात थांबवलं. ‘‘आपका नाम लिखे सो नक्शा है वो. सोच लेव.’’

मी म्हणालो, ‘‘नाम है, इसीच वास्ते.’’

साहेबांनी कुरकुर केली. बोरजुनी लांब पडतं म्हणाले. मी त्यांना सांगितलं की अंतराचा हिशोब माझाच होता आणि तो बरोबर आहे, प्रश्न चुकीचा होता. मग बैलगाडीचं सांगितलं. त्यांनी गोदडी बघायला मागितली. बराच वेळ आरशावर बोट ठेवून होते. उत्तर अजून दिलेलं नाही, पण दोन्ही नकाशे घेऊन गेले. दुसऱ्याच्या कोपऱ्यात मी माझ्या नावाच्या वर एक ओळ घातली आहे, ‘माहिती : आमदरी परिसरातील अकरा गावांच्या स्त्रिया, मे १९९७’. प्रत्येक थराला स्रोत आणि तारीख लागते.

आता शेवटची तक्रार. आमदरीहून एक निळा दोरा निघाला आहे तो कुठल्याच गाठीला जात नाही. खाली दक्षिणेला, नकाशाची चौकट ओलांडून, लुगड्याच्या काठापर्यंत येऊन लोंबकळतो. टाका चांगला बारीक आहे, म्हणजे निष्काळजीपणा नाही. पण टोक नसलेली रेघ यंत्र घेत नाही. कुणाची आहे ते विचारून कळव, नाहीतर मला ती वगळावी लागेल.

सूर्यभान

ता. क. गीता, मी मामी. हे पत्र पाकिटात घालायला दिलं तेव्हा वाचलं. चहा नको झाला लिहिलंस तेव्हाच मला शंका आली होती. मग गोदडी पाहिली. मी यांना म्हटलं, अहो तो दोरा इकडं येतोय, हैदराबादेला. आई नाही तिला, ती दुसरं कुठं जाणार? तर हे बराच वेळ बाहेर गच्चीत जाऊन उभे राहिले. आता म्हणतात पत्र परत लिहितो. मी म्हटलं राहू द्या, आहे तसंच जाऊ द्या. गूळ-खोबरं खात जा. सखू.

*

आमदरी
२२ ऑगस्ट १९९७

मामा, मामी,

ऑर्डर आली. बोरजुनी.

इमारतीला वेळ लागेल, पण ग्रामपंचायतीनं बाजारातली एक खोली चुना लावून दिली आहे आणि खाटा येऊन पडल्यात. मला तिथं नेमलं. शेवंताच्या बहिणीनं खोलीच्या मागं चूल घातली, कुणी सांगितलं नव्हतं. आमदरी ते बोरजुनी माझी पायपीट दुप्पट झाली आहे मामा, हे तुमच्या माहितीसाठी.

मामी, तुम्ही ओळखलंत. डिसेंबरची तारीख आहे. मी मामांना सांगायला लाजत होते, म्हणून दोरा सोडून दिला. त्यांना कळेल असं वाटलं होतं. त्यांनी चूक म्हणून धरला.

आता खरी अडचण. तुमच्याकडं यायचं हे मी शिवून बसले होते. पण परवा बोरजुनीच्या खोलीत मी एका बाईला समजावत होते, इथं ये, भिऊ नको. तिनं माझ्या पोटाकडं बघितलं आणि विचारलं, ‘‘बाई, तुमी कुठं जाणार?’’ मी हैदराबादला म्हणून सांगितलं. ती ‘बरं’ म्हणाली आणि उठून गेली. मामा, मी हैदराबादला गेले तर या खोलीत कडबा भरायला वेळ लागणार नाही.

मला बोरजुनीतच बाळंत व्हायचं आहे. दुसरी नर्स येईल, डॉक्टरही आठवड्यातून दोनदा येणार आहेत. खोली आहे, चूल आहे. फक्त तिथं माझं कुणी नाही.

गीता

*

गौलीगुडा
३० नोव्हेंबर १९९७

चि. गीता,

हे पत्र पोस्टाने येत नाही, तेव्हा शिक्का शोधू नकोस. ते आणणारी तुझ्यासमोर उभी असेल. तिचा प्रवास मी कागदावर लिहून दिला होता : काचीगुड्याहून गाडी, मुदखेडला उतरून भोकरची, पुढे बोरजुनीची जीप. तिने तो कागद वाचलाच नाही. म्हणाली, माझ्या वाटेत मला माणसं भेटतात, मी विचारत जाईन.

तिच्या पिशवीत बेगम बाजारातून आणलेला डिंक आहे. दुकानदाराने आधी हलका दाखवला, मी तो परत करायला लावला. खारका, खोबरं, सुंठ वेगळ्या पुड्यांत, प्रत्येकीवर नाव लिहिलं आहे. आणखी एक मोठं बोचकं आहे, त्यात तुमच्या सर्वांची गोदडी. मॅडमनी ती ऑफिसच्या भिंतीवर लावायचं ठरवलं होतं, पाहुण्यांना दाखवायला. मी नाही म्हटलं. अंथरायची वस्तू आहे. खळ धुऊन काढून सखूने तिला नवं अस्तर घातलं आहे. कागद गेला, टाके आहेत.

मामीने बाजारात एका घरी ओसरी ठरवली आहे. कशी ठरवली विचारशील, तर बोरजुनीत तिच्या मावशीच्या जावेची लेक निघाली. मी या नात्याला नाव शोधत होतो, सखू म्हणाली नाव कशाला, ओसरी आहे ना. बाळ दोन महिन्यांचं होईपर्यंत ती तिथे राहील. तेव्हा त्या बाईला जाऊन सांग, नर्सबाई कुठे जाणार नाहीत, त्यांची मामीच इथे आली आहे.

इकडे मी आणि अनिकेत राहू, म्हणून सखू असतानाच माझी स्वयंपाकाची तालीम चालली आहे. भात मला येतो. आमटीचं प्रमाण सखूने तोंडी सांगितलं होतं, ‘अंदाजे’ म्हणाली. पहिल्या दिवशी मी चमच्याने मोजून घातलं, ती आमटी अनिकेतने एकदाच खाल्ली. काल अंदाजाने केली, ती चालली.

कंपनीत तुझ्या तालुक्याचं आणखी काम आलं आहे, या वेळी पिण्याच्या पाण्याचं. मॅडमनी विचारलं, कुठून सुरू करायचं? मी म्हणालो, आधी बायका पाण्याला कुठे जातात ते विचारायला माणूस पाठवा, टेबल नंतर लावू.

तुझ्या नकाशाची ताजी प्रत उद्या जिल्ह्याला जाईल. तीत आज मी एक रेघ वाढवली. चौकटीच्या खालून, हैदराबादहून निघते आणि बोरजुनीच्या ठिपक्यात जाऊन थांबते. यंत्राने काही कुरकुर न करता घेतली.

तार कर. मुलगा की मुलगी एवढंच नको, वजनही लिही. आणि तारीख.

मामा